ओवीच्या हातातला ब्रेक

सल्ला फुकट मिळतो असं ऐकून लोक आमच्या शेडवर येतात आणि हातात पाना दिला की निम्मे पळून जातात. जाऊ देत बापडे. आमचा नियमच तसा आहे. ज्याची गाडी, पाना त्यानंच धरायचा. बाकीच्यांनी भोवती उभं राहून हवं तेवढं बोलायचं, वाद घालायचा, "अरे गाढवा, उलटा फिरवतोयस!" म्हणून ओरडायचं, पण हात पाठीमागे बांधून. राहवलं नाही म्हणून कुणाचा हात पुढे आलाच, तर त्या रविवारची मिसळ त्याच्याकडून.

हा नियम मी घातला. मी वैजयंती मगदूम. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला आणि जन्मभर गाड्या उघडल्या. कोल्हापुरात, उद्यमनगरात माझ्या यजमानांची फाउंड्री होती. ती बंद पडली, मग तेही गेले, शेड तेवढी राहिली. तिथं दर रविवारी आम्ही गाडीवेडे जमतो. आता सन दोन हजार सत्तेचाळीस उजाडलंय, गाड्या आपल्या आपण चालतात, तरी तुम्ही अजून ग्रीसमध्ये हात कसले घालताय, असं लोक हसून विचारतात. त्यांना म्हणावं, भाकरी हॉटेलात मिळते म्हणून घरची चूल विकलीत का? आपल्या गाडीचं आपल्याला कळलं पाहिजे. बास.

आता थोडं शास्त्र सांगते, कंटाळू नका, मी बाकावर उभं करणाऱ्यांतली नव्हे.

नव्या गाड्यांत एक जाळं असतं. कंपनीनं त्याला लांबलचक नाव दिलंय, आम्ही मज्जाजाळ म्हणतो. केसाहून बारीक तंतू, पत्र्यात, चासीत, चाकांच्या आसांत, सीटखाली, सगळीकडे विणलेले. ताण, धक्का, उष्णता, कंप, सगळं ते टिपतात आणि गाडीच्या मेंदूला कळवतात. पाठीला डास चावला तर न बघता कुठं चावला ते आपल्याला कळतं ना, तसं गाडीला आपलं अंग कळतं. बारीक चीर पडली तर तंतूंतून चीक झिरपतो आणि चीर बुजते. बोल्ट ढिला होऊ लागला तर ती आधीच सांगते. अपघात कितीतरी कमी झाले. त्याची शाबासकी मी देते, मी कंजूष नाही.

पण ज्याला आपलं अंग कळतं त्याला परकंही कळतं. दुसऱ्याची किडनी बसवली की शरीर तिच्यावर तुटून पडतं, तसंच गाडीचं. कंपनीबाहेरचा भाग लावलात की मेंदू तो नाकारतो. गाडी बैलाच्या चालीनं घरापर्यंत येते आणि मग बसते ती बसतेच. आमच्यात त्याला रुसणं म्हणतात. या रुसण्यापायी देशभरातल्या हौशी लोकांनी पाने गुंडाळून माळ्यावर टाकले. आम्ही नाही टाकले.

आमच्यातला बाहुबली चौगुले वीज मंडळातून निवृत्त झालेला, भारी चिकट माणूस. त्यानं एक गोष्ट हेरली. चार्जिंगला लावली की गाडी दिवसभराचं सगळं आठवून आपल्या अंगाचा नकाशा पुन्हा काढते. फरक मोठा असेल तर रुसते, अगदी बारीक असेल तर मुकाट्यानं नकाशा बदलते. आपली नखं वाढतात, केस पिकतात, पोट सुटतं, म्हणून सकाळी आरशात बघून "हा कोण?" असं कुणी म्हणतं का? कारण ते रोज थोडं थोडं होतं. तेव्हा नवा भाग आधी नुसता टेकवून ठेवायचा, मग हलकासा आवळायचा, मग आणखी जरा. आणि आवळणारा हात एकच हवा. पान्याच्या ओढीवरून गाडी हात ओळखते. रोजचा हात असेल तर ती समजते देखभाल चाललीय, दुसराच आला की समजते कुणीतरी आपल्याला फोडतंय. आमचा हात बांधायचा नियम मी माणसांना शिस्त लागावी म्हणून घातला होता. गाड्यांनाही तोच हवा होता, याचा मला इतका आनंद झाला की आठवडाभर मी सगळ्यांना तेच ऐकवत होते.

या युक्तीनं दस्तगीर मुल्लाणीनं आपल्या गाडीला आजोबांच्या जीपचं स्टिअरिंग बसवलं. दस्तगीर गाड्यांची सीट कव्हरं शिवतो. असं काम त्याआधी कुणी केल्याचं आम्ही तरी ऐकलं नव्हतं. नाद खुळा काम!

आणि मग आमच्या घरातलीच गाडी शेडमध्ये आली.

ओवी माझी सून, जनावरांची डॉक्टर. गगनबावड्याच्या अंगाला ज्या धनगरवाड्या आहेत, तिथली एकूण एक म्हैस तिला ओळखते म्हणा ना. एका गोठ्यात अडलेली म्हैस सोडवताना म्हैस तिच्या अंगावर कोसळली. म्हैस वाचली, रेडकू वाचलं, ओवीच्या कमरेतल्या नसा चेंगरल्या. आता ती पायांना पट्ट्या बांधून काठी घेऊन चालते. पण पावलांना काही कळत नाही. पावलाखाली ब्रेक आहे की दगड, ते तिला वाकून बघावं लागतं.

"गाडी आपली आपण नेते की तुला," माझा मुलगा इंद्रजीत म्हणाला. म्हणणारच. तो या गाड्यांसाठी रस्त्यांचे नकाशे करणाऱ्या कंपनीत आहे.

"डांबर संपलं की थांबते ती," ओवी म्हणाली. "पुढचा रस्ता नोंदलेला नाही म्हणते. वाडीवरच्या म्हशीला काय सांगू, डांबरावर येऊन अडून बस म्हणून?"

"मी नोंदवून घेतो ना त्या वाटा. वर्षभर थांब."

"दर पावसाळ्यात वाट बदलते तिथली. तू काय दरवर्षी चिखल नोंदवणार?"

वर्षभर थांबायला सवडही नव्हती. माणसानं स्वतः चालवायच्या गाड्यांची शेवटची तपासणी लागली होती. जी पास होईल ती राहील, बाकीच्या गाड्यांचा चालकाचा कारभार कायमचा बंद. मग त्या फक्त आपल्या आपण चालणार, डांबरापुरत्या. पायांऐवजी हातानं चालवायची सोय कंपनी करून देत नव्हती. त्यांचं म्हणणं इंद्रजीतसारखंच, गाडी चालतेय की आपली आपण, मग हवंय कशाला?

म्हणजे तपासणीपर्यंत ओवीच्या हाताला ब्रेक मिळाला नाही, तर ती आपल्या जनावरांपर्यंत पुन्हा कधी पोचणार नव्हती. एवढी सरळ गोष्ट होती.

ती शेडवर आली तेव्हा मी तिला एवढंच सांगितलं, "सून म्हणून सवलत नाही. पाना तुझा तुलाच धरायचाय."

"मी मागितली का सवलत?" ती म्हणाली. अशी आहे ती. मला पहिल्या दिवसापासून आवडते, तोंडावर सांगितलं नाही कधी.

बेत साधा होता. स्टिअरिंगखाली एक दांडा, तो पुढे ढकलला की खालचा ब्रेक दाबला जाईल, मागे ओढला की वेग वाढेल. दांड्याच्या सळ्या खाली पायपट्ट्यांना, म्हणजे वेगाच्या अन् ब्रेकच्या पेडलना, क्लँपनं धरायच्या. क्लँप रोज थोडा थोडा आवळायचा. त्यावर आमच्या लोकांचा कालवा विचारू नका. बाहुबली म्हणे स्प्रिंग वॉशर घाल, दस्तगीर म्हणे रबर घाल, कंप कमी जाईल, कुणी म्हणे क्लँपच बदल. ओवीनं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि रबर घातलं. रोज शहरातल्या जनावरांच्या दवाखान्यातून सुटली की शेडवर यायची, काठी बाजूला ठेवून जमिनीवर बसायची, डोकं आत घालून पाना हलकासा फिरवायची. मी हात मागे बांधून बघायची. गाडीच्या पुढ्यातला दिवा पांढरा राहायचा, म्हणजे नकाशा जुळत होता. माझी छाती अशी भरून यायची की सांगता सोय नाही.

अन् एका रविवारी ओवीनं गाडी चालू केली, तर दिवा लालभडक. पडद्यावर अक्षरं आली, अनोळखी हात, ब्रेक बंद.

शेडमध्ये सगळे एकमेकांकडे बघायला लागले. तेवढ्यात इंद्रजीत चहाचा थर्मास घेऊन दारातून आला. त्यानं दिवा बघितला आणि त्याचा चेहरा उतरला.

"मी आवळला तो क्लँप," तो म्हणाला. "तुझी बॅग राहिली होती गाडीत, ती घ्यायला आलो तर तो नुसता लटकत होता. ब्रेकचा क्लँप गं! लटकत होता! मी घट्ट करून टाकला."

"भावा!" दस्तगीरनं कपाळाला हात लावला. "तो सैलच ठेवायचा होता रे आत्ता. काय केलंस हे!"

"मला काय माहीत? सैल ब्रेकवर माझी बायको गाडी चालवणार म्हटल्यावर..."

"विचारलं का नाहीस मला?" ओवीनं विचारलं.

"तू राहू दे म्हणाली असतीस."

"मग राहू द्यायचं होतं!" तिचा आवाज चढला. "माझे पाय गेलेत इंद्रजीत, अक्कल नाही गेलेली."

मी त्याची आई, पण त्या क्षणी मला त्याच्या कानाखाली एक वाजवावीशी वाटली. त्याच क्षणी त्याला जवळही घ्यावंसं वाटलं, कारण तो घाबरून आवळून बसला होता हे मला दिसत होतं. अपघातानंतर तो असाच झालाय. घरातल्या सगळ्या जिन्यांना त्यानं कठडे लावलेत, दोन पायऱ्यांच्या उंबऱ्यालासुद्धा.

बाहुबलीनं गाडीचे आकडे वाचले आणि मान हलवली. "ती जागा सुजलीय आता. तिथं परकं काही टेकवलं तरी तिला डंख बसणार. निवायला दोन-तीन महिने तरी लागतील."

तपासणी तर तोंडावर आली होती. ओवीनं पाना पुसून जागेवर ठेवला, काठी घेतली आणि घरी गेली.

पुढचे काही दिवस आमच्या घरात ताटं वाजायची तेवढाच आवाज. इंद्रजीतनं तीनदा माफी मागितली. ओवी "असू दे" म्हणायची, आणि ते असू दे ऐकवत नव्हतं.

एका संध्याकाळी ती स्वयंपाकघरात माझ्याबरोबर शेंगा निवडत बसली होती. फोन वाजला. वाडीवरची बायजाबाई कोकरे होती. गाईचं वासरू आताच जन्मून मेलं होतं, दुसऱ्या गाईचं पोरकं वासरू तिला लावायचं होतं, आणि ती त्याला लाथा घालत होती.

"मेलेल्या वासराच्या अंगाचं पाणी आहे का अजून ओलं?" ओवीनं विचारलं. "ते चोळ बायजाबाई, या वासराच्या पाठीला, शेपटीला, सगळीकडे चोळ. वर थोडं मीठ भुरभुर. तिला आपलाच वास आला की चाटायला लागेल. चाटलं की झालं, मग पाजतेच. परकं वासरू घेत नाही ती, पण आपल्या वासाचं..."

ती थांबली. फोनवर बायजाबाई हॅलो हॅलो करत राहिली.

"आई," ओवी म्हणाली, "शेडची किल्ली कुठंय?"

तिला जे सुचलं ते मी तुम्हाला सोपं करून सांगते. या गाड्यांत पायपट्टी म्हणजे नुसता निर्जीव ठोकळा असतो. त्यावर मज्जाजाळाचं एक कातडं चढवलेलं असतं, पायमोज्यासारखं. दाब कळतो तो त्या कातड्याला, ठोकळ्याला काही कळत नाही. आम्ही इतके दिवस सळ्या लावून परकं वासरू गाडीच्या अंगाला लावत होतो. ओवी म्हणाली, तिचंच कातडं सोलू आणि माझ्या दांड्याला चढवू. मग तिला तो आपलाच वाटेल.

रविवारी शेडमध्ये हे ऐकून बाहुबली आधी उडालाच. मग गंभीर झाला. "होईल. होईल असं वाटतंय. पण पोरी, ते कातडं एकदाच निघतं. दांड्याला चिकटलं की परत ठोकळ्यावर बसत नाही. ही गाडी पुन्हा पायानं चालवता येणार नाही, कुणालाच. आणि दांडाही ज्या हातात पहिल्यांदा जुळेल, त्याच हाताचं ऐकेल."

सगळ्यांनी इंद्रजीतकडे बघितलं. तो कोपऱ्यात उभा होता.

"डॉक्टर म्हणालेत, नसा सुधारू शकतात," तो हळूच म्हणाला. "वर्षभरात पावलांना कळायला लागेल कदाचित. मग काय करशील?"

"मग चालीन," ओवी म्हणाली. "पळीन. तुझ्या वरातीत नाचले नव्हते तेही नाचीन. पण गाडी हातानंच चालवीन. पाय बरे होईपर्यंत मी कोण आहे ते बाजूला ठेवून बसायला मला जमणार नाही, इंद्रजीत."

"आणि तुला कधी गाडीत चक्कर आली, थकवा आला, तर मला चालवता यायला नको?"

"नाही येणार तुला."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मी बघितलं, सगळ्यांनी बघितलं, त्यानं लपवलं नाही. मग तो पुढे आला आणि आमच्या घोळक्यात उभा राहिला. त्यानं दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकात एक घट्ट धरले.

ओवी जमिनीवर बसली. दस्तगीर तिच्या मागे वाकून सांगत होता, "कात्री नको ताई, ब्लेड घ्या. शिवणीपासून सुरू करा. ओढू नका, उचला. हां, तसंच. कातडं आणि ठोकळा यांच्यात बोट घाला, बोट सांगेल तुम्हाला." त्याचे स्वतःचे हात मागे असे वळवळत होते की मला हसू आवरेना. ओवीचा हात मात्र हलला नाही. पोटात आडवं वळलेलं रेडकू न बघता सरळ करणारा हात तो, ब्लेडला काय भिणार? आधी वेगाचं कातडं निघालं, मग ब्रेकचं. ब्रेकचं कातडं निघालं तशी गाडी एकदा सगळ्या अंगातून थरथरली आणि दिवा लाल झाला.

"बोलू नका कुणी," ओवी म्हणाली. बोलणं हा आमचा एकमेव हक्क, पण तोही सोडला सगळ्यांनी.

कातड्यांचे तंतू स्टिअरिंगच्या खांबातून वर घेऊन तिनं दोन्ही कातडी दांड्यावर चढवली. मग काठीच्या आधारानं उठून सीटवर बसली, आणि तो दांडा मुठीत धरून राहिली. हलका दाब, सारखा दाब. ओवी हळू आवाजात गाडीशी बोलत होती. गोठ्यात बोलते तसंच, "हां बाई, हां, तुझंच आहे, घे." बाहुबलीसारखा शास्त्र सोडून दुसरं न मानणारा माणूस, पण तोही हसला नाही. किती वेळ गेला कुणास ठाऊक. माझ्या बांगड्या माझ्याच मनगटात रुतत होत्या, तरी मी हात सोडले नाहीत.

दिवा पिवळा झाला. मग पिवळाच राहिला. आणि मग पांढरा झाला.

आरडाओरडा असा झाला की शेजारच्या वर्कशॉपमधले लोक धावत आले. ओवीनं दांडा मागे ओढला, गाडी शेडबाहेर आली. दांडा ढकलला, गाडी जागच्या जागी थांबली. शेडभोवती तिनं एक चक्कर मारली, मग दुसरी, मग आम्ही मोजायचं सोडलं. मी रडले. का लपवू? ढसाढसा रडले.

तपासणीला आम्ही सगळे गेलो. परिवहन कार्यालयाच्या मैदानात रांग लागली होती. तपासनीस माणूस बारीक चष्म्याचा, कुणाला सोडत नव्हता. त्यानं ओवीची गाडी चढावर थांबवायला लावली, उतारावर थांबवायला लावली, ओल्या फरशीवर अचानक थांबवायला लावली. जाळ्याचे आकडे दोनदा वाचले. तिसऱ्यांदा वाचले.

"कुठल्या गॅरेजचं काम?" त्यानं विचारलं.

"माझं," ओवी म्हणाली.

"म्हणजे, केलं कुणी?"

"मी. हे सगळे बोलत होते."

त्यानं आमच्या घोळक्याकडे बघितलं. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यानं शिक्का उमटवला. ओवी उतरली आणि काठीवर रेलून उभी राहिली, तिचा चेहरा घामानं भिजला होता. मागची गाडी हॉर्न द्यायला लागली. तपासनीसानं ओवीकडे बघितलं आणि इंद्रजीतला म्हणाला, "साहेब, मॅडम दमल्यात. तुम्ही घ्या गाडी पुढे."

इंद्रजीत हलला नाही.

"मला येत नाही," तो म्हणाला.

"गाडी येत नाही? या वयात?"

"ही नाही येत. ही फक्त तिलाच येते." आणि हे तो इतक्या मोठ्यानं म्हणाला की रांगेतली माणसं माना वळवून बघायला लागली. त्यांनी बघावं हेच त्याला हवं होतं. मान ताठ करून, छाती पुढे काढून उभा होता माझा पोरगा, जणू गाडी न येण्याचं बक्षीस मिळालंय. तो क्लँप आवळल्यापासून मी त्याला मनातल्या मनात जेवढ्या शिव्या घातल्या होत्या, त्या सगळ्या तिथंच परत घेतल्या. एक ठेवली, पुढे लागेल.

ओवीनं त्याच्याकडे बघितलं. काठी त्याच्या हातात दिली, गाडीत बसली आणि दांडा ओढला. तो पळत जाऊन शेजारच्या सीटवर बसला. फाटकाबाहेर गाडी घराकडे वळली नाही, गगनबावड्याच्या रस्त्याला लागली. मला कोण नेणार, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

मी तिथंच मैदानात उभी राहून रांगेतल्या एकेकाला सांगत सुटले, ती चालली ना, ती माझी सून. कुणीही विचारलं नव्हतं.